लग्नसराई संपली, हातात ऑर्डर नाही : फोटो-व्हिडिओवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कॅमेरा, एडिटिंग, अल्बम डिझाईन, फ्लेक्स, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ यावर घर चालवणारी पोरंपोरी भरपूर आहेत आणि आषाढ लागला की सगळ्यांचे फोन एकाच विषयावर सुरू होतात, काम नाही, करमत नाही, ही लाइन सोडू का. मी याच धंद्यात आहे त्यामुळे हे प्रश्न दरवर्षी येतात, तर जे नेहमी येतात ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, पटली तर घ्या. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण खालची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: रिकाम्या महिन्यात धंदा सोडायचा निर्णय घेऊ नका आणि भर सीझनमधे धंदा वाढवायचाही घेऊ नका, दोन्ही वेळेला डोकं ठिकाणावर नसतं.

सीझन संपल्यावर पहिले काही दिवस मस्त जातात, मग एवढी चुळबुळ का सुरू होते?

कारण एप्रिल-मे मधे तुम्ही माणसासारखे राहिलेलेच नसता. सकाळी हळद, दुपारी बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत वरात, संध्याकाळी रिसेप्शन, रात्री कार्डं रिकामी करायची आणि पहाटे पुढच्या गावाची गाडी. जेवण उभ्याउभ्या, झोप गाडीत. दिवसभर कोणीतरी हाक मारत असतं, फोटोवाले भाऊ इकडे या, आजीबरोबर एक घ्या, मामांचा राहिला. आणि मग एका आठवड्यात सगळं बंद. शरीर अजून वरातीच्या वेळेवर चालतं, रात्री दोनपर्यंत झोप नाही, सकाळी उठवत नाही, फोन वाजत नाही म्हणून दर दहा मिनिटांनी आपणच फोन बघायचा. ही सवय तुटायला वेळ लागतो, एवढंच आहे ते. यात तुमची कला संपली, गिऱ्हाईक तुटलं, मार्केट बसलं असं काहीही सिद्ध होत नाही. पण त्या पंधरा-वीस दिवसात डोक्यात जे विचार येतात ना ते खरे वाटतात, म्हणून त्या दिवसात स्वतःचं फार मनावर घ्यायचं नाही.

वर्षातला नेमका किती काळ रिकामा धरून चालायचं?

हे पंचांग सांगतं, नशीब नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, म्हणजे चार महिने गेले. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. मग पौषात पुन्हा ढिलाई. माघापासून जोर धरतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर एका गावात चार-चार लग्नं, एकाच कॅमेऱ्याला तीन ठिकाणांहून बोलावणं. आता काही पंचांगांत गौणकाळातले, म्हणजे अडचण असेल तर चालणारे दुय्यम, मुहूर्त देतात त्यामुळे श्रावणातही एखाददुसरं लग्न निघतं, पण त्या भरवशावर घरखर्च मांडू नका.

अधिक महिना आला की गणित अजून बिघडतं. 2026 मधे अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सीझनच्या छाताडावर एक महिना कोरडा, आणि राहिलेली लग्नं पावसात ढकलली जाणार. ही गोष्ट पंचांगात कधीपासून छापलेली असते तरी दरवेळी निम्म्या पोरांना ती मेमधे कळते. दिवाळीत पुढच्या वर्षाचं पंचांग घ्या, मुहूर्तांच्या तारखा वहीत उतरवा, रिकामे आठवडे लाल पेनाने रंगवा. रिकामे दिवस आधीच दिसत असले की ते आल्यावर पोटात गोळा येत नाही.

रिकामा आहे म्हणतो पण चार लग्नांचं एडिटिंग पडलंय, हात लावावासा वाटत नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या धंद्यात खरं तर पूर्ण रिकामा वेळ फार कमी असतो, असतो तो अर्धवट कामांचा वेळ. अल्बमचं सिलेक्शन गिऱ्हाइकाने दिलेलं नाही, दिलं तर डिझाईन बाकी, डिझाईन झालं तर लॅबला पाठवायचं राहिलंय, मोठ्या व्हिडिओत गाणी टाकायचीत. आणि उरलेले पैसे त्या अल्बमलाच बांधलेले असतात. म्हणजे डोक्यावर काम पण आहे, खिशात पैसे पण नाहीत, आणि लोकांना आपण सांगतो की सध्या काही नाही. चुळबुळ बरीचशी इथूनच येते.

हात लागत नाही कारण तेच ते बघून वीट आलेला असतो, त्याच वराती, तेच डीजे, तेच ड्रोनचं गोल फिरणं. उपाय साधा आहे पण लागू पडतो. जे लग्न डिलिव्हरीच्या सगळ्यात जवळ आहे ते आधी घ्यायचं, सगळ्यात जुनं नाही. जिथे फक्त शेवटची शीटं बाकी आहेत तो अल्बम दोन दिवसात निघतो, पैसे येतात, आणि पैसे आले की पुढच्याला हात लागतो. सकाळी नऊ ते एक एवढंच बसायचं, दरवाजा लावून, फोन बाहेरच्या खोलीत. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, रात्री लावून झोपायचं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून संध्याकाळी काहीच न झालेलं असणं हे शेतात राबण्यापेक्षा जास्त दमवतं.

पावसाळ्यात सामानाचं काय काय बघायचं?

लेन्स आधी. मागचं-पुढचं झाकण काढा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. काचेच्या कडेला बारीक पांढरे तंतू दिसले की बुरशी लागली समजा, ती लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि सर्व्हिसला द्या, घरी खोलू नका. बॅगेत लेन्स ठेवून बॅग कपाटात कोंबणं हे पावसाळ्यातलं सगळ्यात वाईट काम. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि शंभर-दोनशेला मिळणारा आर्द्रतेचा मीटर, चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे काटा राहिला की झालं. बॅटऱ्या फुल चार्ज करून महिनोन्महिने ठेवू नका, पूर्ण उतरवूनही नको, निम्म्यावर ठेवा. ड्रोनच्या बॅटऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे.

आणि डाटा. एकाच हार्डडिस्कवर आख्ख्या सीझनचा डाटा असेल तर तो डाटा आहे असं समजू नका. दोन वेगळ्या डिस्क, शक्यतो एक दुसऱ्या घरात. डिस्कवर गाव, आडनाव, तारीख लिहून चिकटवा. या कामाला पंधरा दिवस सहज जातात आणि हे काम करताना डोकं शांत राहतं, हा त्याचा वेगळा फायदा.

घरचे म्हणतात बसण्यापेक्षा वावरात चल. जाऊ का?

जा. खरंच जा. आपला सीझन संपतो तेव्हाच कपाशीची लागवड, निंदणी, खत टाकणं सुरू असतं आणि घरात एक माणूस जास्त लागतोच. रात्रीची झोप पण ताळ्यावर येते. फक्त दोन गोष्टी बोलून घ्या. एक, सकाळचे चार तास एडिटिंगचे आहेत, त्यानंतर मी येतो. दुसरी, हे मदत म्हणून आहे, कॅमेरा सोडला म्हणून नाही. हे आधी बोललं नाही तर दिवाळीपर्यंत घरच्यांचं ठरून जातं की पोरगं आता शेतीला लागलं, आणि कापूस वेचणीला माणूस मिळत नसताना तुम्ही ऑर्डरला निघालात की भांडण होतं. घरच्या आप्पांची, म्हणजे बापाची, पण चूक नसते, त्यांना दिसतं ते एवढंच की पोरगा दुपारी बारापर्यंत झोपलाय. तुम्ही रात्री तीनपर्यंत व्हिडिओचे रंग सुधारत बसलात हे त्यांना कुठून दिसणार.

लोक म्हणतात कापूस विकला की देतो. तोपर्यंत मी काय खाऊ?

आपल्या भागात हे खोटं बोलणं नसतं नेहमी, खरंच पैसा कापसावर नाहीतर केळीच्या गाडीवर अडकलेला असतो. रावेर-यावलकडे केळीचा पैसा वर्षभर थोडाथोडा फिरतो, कपाशीवाल्या गावात तो दसरा-दिवाळीनंतरच मोकळा होतो. म्हणून व्यवहारच तसा लावायचा. बुकिंगला अॅडव्हान्स, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता, म्हणजे शूटिंगचे सगळे पैसे त्या दिवशीच हातात, आणि अल्बमचे फक्त अल्बम देताना. लग्नाच्या दिवशी मागायला लाज वाटते म्हणतात पोरं. मंडपवाला लाजत नाही, केटरिंगवाला लाजत नाही, बँडवाला तर वरात निघायच्या आधी घेतो. नवरदेवाच्या बापाला त्या दिवशी त्रास द्यायचा नाही, घरातला व्यवहार बघणारा जो काका-मामा असतो त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवायचं.

कंपनी, हॉस्पिटल, क्लासेस यांच्या कामाचं वेगळं आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून घ्या, आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की समोरच्या धंद्याने तुमचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसात द्यायचे असा 2006 चा कायदा आहे, लेखी काही ठरलेलं नसेल तर 15 दिवसच. नाही दिले तर व्याजासकट मागता येतात आणि ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, बिलावर उद्यम नंबर छापलेला असला आणि खाली एक ओळ असली की अकाउंटवाल्याचं वागणं बदलतं. नोंदणी मात्र कामाच्या आधी झालेली असावी. आणि टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी वळता केलेला कर, कापला असेल तर रिटर्न भरा, उत्पन्न करात बसत नसेल तर ते पैसे परत येतात, बरेच जण ते तसेच सोडून देतात.

सीझनमधे भरपूर कमावतो तरी सप्टेंबरमधे उधारी का होते?

कारण दर लावताना आपण फक्त त्या दिवसाचा विचार करतो. समजा घरखर्च महिना 25 हजार, वर्षाचे झाले 3 लाख. कॅमेरा-लेन्सची झीज, दुरुस्ती, सॉफ्टवेअर, विमा धरून अजून 80 हजार. एकूण 3 लाख 80 हजार. आणि तुमचे वर्षातले शूटिंगचे दिवस असतील सत्तर. म्हणजे सगळा खर्च, मदतनीस, पेट्रोल, अल्बमची छपाई वजा जाता दिवसाला साडेपाच हजाराच्या आसपास हातात उरले पाहिजेत, तेव्हा कुठे बाकीचे जवळपास तीनशे दिवस निघतात. आपण तीन हजार उरले तरी खुश होतो कारण शेजारच्या गावातला पोरगा दोन हजारात जातो.

रिकामे महिने हा कामाचाच भाग आहे, त्यांचा पैसा कामाच्या दिवसांनीच द्यायचा असतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशोब एकदा कागदावर मांडा. आणि सीझनमधे येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरलेला हिस्सा दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. आषाढापासून त्या खात्यातून स्वतःला महिन्याच्या महिन्याला पगार द्यायचा.

मोकळ्या वेळात रील बघतो आणि अजूनच खचतो. सगळे पुढे गेले असं वाटतं.

ज्या रील जुलैमधे दिसतात त्या बहुतेक फेब्रुवारी-मेमधल्या शूटच्या असतात, लोक साठवून साठवून टाकतात. उदयपूरचं डेस्टिनेशन वेडिंग करणारा टीमचा तिसरा असिस्टंट असू शकतो, त्याने कॅमेरा धरलाय की लाईट धरलाय ते रीलमधे कळत नाही. बघायचंच असेल तर एक रील घ्या, आवाज बंद करा, आणि प्रत्येक शॉटला लाईट कुठून आहे ते वहीत लिहा. दहा रील अशा बघितल्या की शिकणं होतं. शंभर नुसत्या सरकवल्या की जीव जळतो.

रिकाम्या वेळात स्वतःचं काहीतरी करावं म्हणतात, पण काय करू सुचत नाही.

मुंबई-पुण्याच्या कॅफेत काय शूट होतं ते विसरा, आपल्याकडे बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही आपली खान्देशातली देवी, घरात बसते, आख्खं भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, एका घरात जमतं, सुरत-नाशिकला गेलेले पण येतात. वर्षभर ज्यांचे फोटो तुम्हाला एकत्र मिळणार नाहीत अशी चार पिढ्यांची माणसं एका ओट्यावर बसलेली असतात. तुमच्याच घरचं करा. आत्याबाई कानबाईला नथ घालताना, चुलीवरचा धूर आणि वरच्या झरोक्यातून येणारी उन्हाची तिरीप, हे कोणत्याही प्री-वेडिंगपेक्षा भारी आहे, आणि या घरातले आजी-आबा किती वर्षं दिसणार आहेत. मग पोळा, मग पोरींच्या गाण्यांची गुलाबाई. खापरावरची पुरणपोळी करणारी, मांडे हातावर फिरवून मोठे करणारी बाई, चटईचे कारखाने, डाळमिल, भुसावळचं रेल्वे यार्ड बाहेरून. एकच विषय घ्या आणि त्याला तीन-चार महिने चिकटून राहा. विकलं जाईल का हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका.

चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर अजून कोणी बघितलं नसेल तर मुद्दाम एक दिवस काढून जा. 1912 चा जन्म, 1989 ला गेले. इंग्लंडमधे कमर्शियल आर्ट शिकून आलेला माणूस चाळीसगावात राहिला, घराबाहेर जवळजवळ पडायचा नाही, आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, लाईट लावून असे फोटो काढले की बघणाऱ्याला तो मोकळ्या आभाळाखालचा देखावा वाटावा. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. मला त्यांच्याकडून हे घ्यावंसं वाटतं की पाऊस आहे, लोकेशन नाही, मॉडेल नाही ही कारणं खरी नाहीत. त्यांच्यासारखं एकटं राहणं मात्र उचलू नका, ते सगळ्यांना झेपणारं नाही.

नवीन कॅमेरा घेतला तर काम वाढेल का? फायनान्स मिळतोय.

जुलैमधे घेऊ नका. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू आणि कमाई डिसेंबरपासून. रिकामं बसल्यावर नवीन वस्तू घ्यावीशी वाटते कारण काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटतं. ज्या लेन्ससाठी वर्षात पाच-सहा वेळा भाड्याने आणायला जावं लागलं ती घ्यायला हरकत नाही, बाकी भाड्याने चालू द्या.

ही लाइन सोडावी का हे कसं ओळखायचं?

आधी एक फोड करा. काम मिळत नाही म्हणून सोडावंसं वाटतंय, का मिळालेलं काम नको झालंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रिकाम्या वेळात त्या एकमेकांत मिसळतात. पहिलीचा इलाज दर, वसुली, गिऱ्हाईक, गाव यात आहे. दुसरीचा त्यात नाही, तिथे कितीही ऑर्डरी आल्या तरी फरक पडणार नाही.

हे ओळखायला मी लोकांना सीझनमधली वही ठेवायला सांगतो. प्रत्येक ऑर्डरनंतर, त्याच रात्री, गाडीत बसल्याबसल्या दोन ओळी. आज कोणत्या वेळी आपण घड्याळ विसरलो आणि कोणत्या वेळी इथून पळून जावंसं वाटलं. बस. आषाढात ती वही उघडा. एका पोराच्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर होतं की विधीच्या वेळेला मजा आली, रिसेप्शनच्या स्टेजवर लाइन लावून फोटो काढताना जीव नकोसा झाला. त्याला धंदा सोडायची गरज नव्हती, त्याला स्टेजचं काम दुसऱ्याला देऊन स्वतः कँडिड, म्हणजे पोज न देता टिपायचे फोटो, धरायची गरज होती, तेवढं केलं आणि तो टिकला. दुसऱ्या एकीच्या वहीत शूटिंगबद्दल काहीच चांगलं नव्हतं, पण एडिटिंगबद्दल पानंच्या पानं. ती आता बाहेर जात नाही, तिघा-चौघा फोटोग्राफरांचं एडिटिंग घरून करते आणि तिचा चातुर्मास रिकामा नसतो, कारण तेव्हाच सगळ्यांचं पेंडिंग तिच्याकडे येतं.

आणि ज्यांच्या वहीत काहीच चांगलं निघत नाही, दोन सीझन सलग, त्यांनी सोडावं. मनापासून सांगतो, सोडावं. पंचवीस-तिशीत एका कामातून बाहेर पडणं यात हरल्यासारखं काही नाही. पण ते वही बघून, कार्तिकात-मार्गशीर्षात दोन चांगल्या ऑर्डरी मारल्यावर, खिशात पैसे असताना ठरवा. तेव्हाही सोडावंसंच वाटलं तर ते खरं.

सोडायची नाही पण बारा महिने पैसा हवा. काय जोडता येईल?

जे हातात आहे त्याच्या शेजारचं बघा. चित्रकला येत असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचे क्लास चालतात, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पाठवतात, आणि हे वर्ग नेमके आपल्या रिकाम्या महिन्यांत भरतात. जळगावच्या एमआयडीसीत पाईप, चटई, डाळ यांचे कारखाने आहेत, त्यांना वस्तूंचे स्वच्छ फोटो आणि मशीन कसं चालवायचं याचे छोटे व्हिडिओ लागतात, पण ते आपल्याला शोधत येत नाहीत, आपण नमुना घेऊन जावं लागतं. एक वस्तू दुकानातून विकत आणून तिचे चार चांगले फोटो काढून मोबाईलमधे दाखवा, हा नमुना बोलण्यापेक्षा जास्त काम करतो. क्लासेसवाल्यांचे लेक्चर रेकॉर्डिंग, डॉक्टरांचे माहितीचे व्हिडिओ, जुन्या व्हीसीडी आणि कॅसेट डिजिटल करून देणं, जुने फाटके फोटो दुरुस्त करणं. शेवटचं काम तर घरोघरी आहे, वर्षश्राद्धाला फ्रेम करायला एक बरा फोटो नसतो लोकांकडे. पैसे फार नाहीत पण बसून करायचं काम आहे आणि लोक लक्षात ठेवतात.

अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओचं विचारतात खूप. करा, आवड असेल तर नक्की करा, आपल्या बोलीला प्रेक्षक आहे, सुरतपासून पुण्यापर्यंतचा खान्देशी माणूस बघतो. फक्त व्ह्यूजमधे हिस्सा देतो म्हणणाऱ्याबरोबर काम करताना शूटिंगचा खर्च तरी आधी घ्या आणि चॅनेल कोणाच्या नावावर आहे ते विचारून घ्या.

पुण्याला जाऊ का सुरतला?

लोक सरळ पुणे म्हणतात. मी म्हणतो ज्याला कॅटलॉगचं, कपड्याचं काम आवडतं त्याने सुरत आधी बघावं. ताप्ती लाइनची थेट रेल्वे आहे, सुरतच्या उधना-लिंबायत भागात आपली अर्धी माणसं आहेत, राहायची सोय कोणत्यातरी मावशीकडे होतेच, आणि साडी-ड्रेस मटेरियलच्या मार्केटला कॅटलॉगचे फोटो सतत लागतात. पुण्यात शिकायला जास्त मिळतं, टिकायला जास्त लागतं. कुठेही जा, पहिल्यांदा रिकाम्या चार महिन्यांसाठी जा, कोणाच्यातरी हाताखाली, आणि इथलं दुकान बंद न करता. तुळशीच्या लग्नाला परत या आणि मग बघा जीव कुठे लागतो.

मित्र पोलीस भरती, एमपीएससी करतायत. मी पण फॉर्म भरू का?

फॉर्म भरायला काही जात नाही, पण त्यामागची वर्षं जातात. ज्याला खरंच ती नोकरी हवी आहे त्याने सीझन सोडून पूर्ण वेळ अभ्यास करावा, आणि दोन प्रयत्नांची मर्यादा आधीच घरात सांगून ठेवावी. रिकाम्या महिन्यात भीतीने पुस्तकं आणायची, दिवाळीनंतर कॅमेरा उचलायचा, पुढच्या आषाढात पुन्हा तीच पुस्तकं, यात दोन्ही बाजूंनी नुकसान आहे.

एआयने आपलं काम जाईल का?

वाढदिवसाचे बॅनर, साधे लोगो, पत्रिकेचे व्हिडिओ हे काम बरंचसं जातंय, ज्यांचं पोट फक्त त्यावर आहे त्यांनी आत्ताच बाजूचं काहीतरी धरावं. हजारो फोटोंतून निवड, आवाज साफ करणं, सबटायटल हे मशीनला द्या आणि वेळ वाचवा. पण मुलगी सासरी वाटे लावताना बापाच्या चेहऱ्यावर काय होतं ते टिपायला तिथे माणूसच उभा लागतो.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात लग्न झालं की हे बंदच होणार, मग आत्ताच सोड.

ताई, सोडू नका. बायकांच्या खोलीतलं शूटिंग, हळद, मेंदी, डोहाळजेवण, बाळांचे फोटो यासाठी लोक मुद्दाम बाई फोटोग्राफर विचारतात आणि आपल्या तीन जिल्ह्यात त्या कमी आहेत. बघायला येणाऱ्यांना पहिल्या बैठकीतच सांगा की मी हे काम करते, एवढे पैसे येतात, रात्री उशीर होतो. जे त्यावर उठून गेले ते बरं झालं. आणि एडिटिंग पक्कं शिकून ठेवा, गाव बदललं तरी ते बरोबर येतं.

मुलांनाही विचारतात, पोरगा काय करतो, फोटोवाला म्हटलं की स्थळ पुढे जात नाही.

हे आहे, नाकारत नाही. दोन-तीन वर्षांचे रिटर्न, उद्यमचं प्रमाणपत्र, दुकान असेल तर शॉप अॅक्टची नोंद, चालू खातं, हे समोर ठेवलं की बोलणं बदलतं. मुलीच्या बापाला महिन्याला ठरलेली रक्कम ऐकायची असते, त्यामुळे वर सांगितलेला स्वतःचा पगार इथेही कामाला येतो. काकांना कॅमेऱ्याची किंमत सांगू नका, पासबुक दाखवा.

चार लोक भेटले की विचारतात, काय करी रायना रे भो सध्या? काय सांगू?

खरं सांगा. एडिटिंग चालू आहे, डिलिव्हऱ्या आहेत, तुळशीच्या लग्नापासून तारखा लागल्यात. खोटं मोठेपण सांगितलं की तेच लोक उसने पैसे मागतात, आणि रडगाणं गायलं की तेच लोक पुढच्या लग्नाला तुमचा दर पाडतात.

झोप लागत नाही, छाती भरून येते, कशातच मन नाही. हे पण सीझनचंच का?

पंधरा-वीस दिवसात उतरत असेल तर असू शकतं. पण उतरत नसेल, जेवण तुटलं असेल, दारू रोजची झाली असेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील तर ते धंद्याचं दुखणं राहिलेलं नाही, त्याला डॉक्टर लागतो. 14416 हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते. आणि तुमच्या ग्रुपमधला एखादा भाऊ अचानक फोन उचलेनासा झाला, कॅमेरा विकायला काढला, तर मेसेज टाकून थांबू नका, गाडी काढा आणि त्याच्या घरी जा.

नोकरी धरली आणि ऑर्डरी बंद केल्या तर जुन्या गिऱ्हाइकांचं काय?

सगळ्यांना स्वतः फोन करून सांगा. पेंडिंग अल्बम आधी संपवा, ज्यांचा अॅडव्हान्स घेतलाय त्यांची ऑर्डर एकतर स्वतः करा नाहीतर त्यांना विचारून दुसऱ्या चांगल्या माणसाला द्या, पैसे परत करायची वेळ आली तर पूर्ण करा. डाटा निदान दोन वर्षं जपा, कारण लोक पहिल्या बाळाच्या बारशाला लग्नाचा व्हिडिओ शोधतात आणि पेनड्राइव्ह हरवलेला असतो. नंबर बदलू नका. कॅमेरा लगेच विकू नका, एक सीझन जाऊ द्या, घरच्या कार्यांना वापरा, आणि पुढच्या आखाजीला बाकीचे शूटिंगला निघालेले बघून पोटात काही हललं नाही तर बिनधास्त विका.